अध्यक्षांच्या नावाचं पत्र

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं. फळ्याला कोण पत्र लिहिणार, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. ते पत्र मला आलेलं नव्हतं. पण चौदा महिने ते माझ्या पाठीशी होतं, भिंत आणि मी यांच्यामधल्या बोटभर फटीत. त्याचा निळा कागद उन्हाळ्यात तापायचा आणि थंडीत गार पडायचा, ते मला कळायचं. त्यात काय लिहिलं आहे ते मात्र मला माहीत नव्हतं. माझ्यावर इतकी अक्षरं लिहिली गेली, पण पाठीमागचं वाचायला मला डोळे नाहीत.

मी एक जुना लाकडी फळा आहे. आंब्याच्या तीन फळ्या जोडून मला एका सुताराने केलं. त्याने सांधे चांगले बसवले होते, तरी पहिल्याच उन्हाळ्यात वरचा सांधा उकलला आणि माझ्या अंगावर आडवी भेग पडली. मुलं त्या भेगेला नदी म्हणत. वीस वर्षं मी शाळेत होतो. कोळसा उगाळून मुलं मला दर दिवाळीच्या सुट्टीआधी काळा करत. मग शाळेच्या भिंतीवर सिमेंटचा फळा झाला आणि मला लिंबाखाली ठेवलं. तिथे माझ्या आडोशाला कोंबड्या बसू लागल्या. मी तक्रार करत नाही. कोंबड्यांनाही सावली लागते.

रंगनाथ मास्तर त्याच शाळेत शिकवत. ते निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सत्तरच्या शेवटी, त्यांनी मला मागून घेतलं. छगनची सायकल दुरुस्तीची टपरी होती. त्याने मला सायकलच्या कॅरियरवर आडवं बांधलं आणि दोघे मला ढकलत शेवगावच्या रस्त्याला लागलेल्या एका जुन्या कापसाच्या वखारीत घेऊन आले.

ही वखार राहीबाईंची. त्यांचे यजमान कापसाचे व्यापारी होते. ते गेल्यावर वखारीत कापूस आला नाही, फक्त पारवे आले. मास्तर जागा मागायला गेले तेव्हा राहीबाई म्हणाल्या, की भाडं नको, माझ्या नावाची पाटी नको, फक्त आलेल्याला हाकलू नका. एवढी एकच अट. त्या अटीवर मोकळी वखार सुरू झाली.

मोकळी वखार म्हणजे काय, हे मला नीट सांगता येईल की नाही याची शंका वाटते. तिथे पुस्तकं होती, पण ते ग्रंथालय नव्हतं. विहिरीला पाणी होतं, पण ती पाणपोई नव्हती. वाटसरू निजत, पण धर्मशाळा म्हटलं तर मास्तरांना आवडत नसे. संध्याकाळी बायका अक्षरं गिरवायला येत. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. अध्यक्ष नव्हता, चिटणीस नव्हता. गुरुवारी सगळे जमिनीवर गोल बसत आणि जे ठरायचं ते सगळ्यांना पटलं तरच ठरायचं. एकाने जरी नकाराची मान हलवली, तर ती गोष्ट पुढच्या गुरुवारवर जायची.

मास्तरांनी याबद्दल पुस्तकांत वाचलेलं होतं. पहिल्या गुरुवारी त्यांनी खाली बघत बघत सांगितलं की याला अराज्यवाद म्हणतात, म्हणजे गोंधळ नव्हे, तर कुणी कुणाचा राजा नसणं. मग छगन म्हणाला, "राजा नको, हे आमाला पटलं. पर मास्तर, झाडू कोन मारनार?"

उत्तर दिलं छबूबाईने. ती खडी फोडायच्या कामावर जायची. तिच्या माहेरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि कुणापुढे वाकून बोलायची सवय तिने तेव्हाच सोडली होती. ती म्हणाली, "ज्याला कचरा दिसला त्यानं."

हाच वखारीचा कायदा झाला. दुसरा कायदा कधी झाला नाही. तो मोडला तेव्हा काय झालं, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझं काम असं होतं. माझ्या अंगावर आठवड्याचे सात वार आडवे लिहिलेले असत आणि उभ्या रांगेत कामं. पाणी, झाडू, दिवाबत्ती, पुस्तकं. कोणी कोणाला काम सांगायचं नाही. ज्याला जे करायचं त्याने स्वतःच्या हाताने त्या चौकटीत आपलं नाव घालायचं. लिहिता येत नसेल त्याने खूण काढायची. छगनला लिहिता येत होतं, तरी तो सायकलचं चाक काढायचा, कारण नावापेक्षा ते बरं दिसतं असं त्याचं म्हणणं होतं. छबूबाई सुरुवातीला हातोडा काढायची. दुसऱ्या वर्षी तिने हातोड्याशेजारी पहिल्यांदा 'छ' लिहिला आणि तो पुसायला कोणी तयार होईना.

सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. एकाच माठातलं पाणी सगळे पितात म्हणून तीन-चार घरची माणसं यायची थांबली. काही आठवडे पाण्याची चौकट रिकामी राहायची आणि मग कोणीतरी लाजून नाव घालायचं. तरीही शाळेत बेरजा अंगावर वागवत होतो तेव्हापेक्षा मला इथे बरं वाटायचं. शाळेत माझ्याकडे बघून मुलं माना खाली घालायची. इथे माझ्याकडे बघून माणसं कामाला लागायची.

मग दुष्काळ आला. तुमच्यातल्या मोठ्यांना तो आठवत असेल. बहात्तर साली ज्वारी कणसावर आलीच नाही. माणसं पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामांवर निघाली. वखारीच्या विहिरीला हातभर पाणी टिकलं होतं, म्हणून वाटेवरची माणसं तिथे थांबत. कधी वीस, कधी चाळीस. झाडू कोणी मारायचा हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मार्गशीर्षात बनाबाई आली. तिशीची असेल, पाथर्डीच्या बाजूची. तिच्याबरोबर तिची सासू होती, गोजरबाई. सासूला दिसत नव्हतं. वाटेत तिला ताप भरला म्हणून दोघी तीन दिवस राहिल्या. छबूबाईने आपली घोंगडी म्हातारीला दिली. ताप उतरल्यावर म्हातारी फाटक्या लुगड्यांचे तुकडे मागून बोटांनी चाचपत गोधडी शिवायला बसली. टाके सरळ होते. छगन म्हणाला, की दोन डोळे असून माझं पंक्चर इतकं नीट बसत नाही. म्हातारी हसली आणि म्हणाली, "डोळं मधी मधी करत्यात, बाबा."

त्या तीन दिवसांत बनाबाईने छबूबाईकडून आपलं नाव शिकून घेतलं. निघायच्या दिवशी पहाटे तिने विहिरीचं पाणी भरलं आणि माझ्यावर, पाण्याच्या चौकटीत, 'बनाबाई' असं लिहिलं. आधी काम केलं आणि मग नाव घातलं. खडूत खडा होता आणि तिने जोर फार दिला. पहिल्या 'ब'चा ओरखडा माझ्या लाकडात गेला. तो अजून आहे. माझी आठवण पुसली जाते, मित्रांनो, फळ्याच्या स्मरणशक्तीवर कुणी फार विसंबू नये. पण त्या 'ब'च्या बाबतीत माझी चूक होत नाही.

आता सरकारी पाकिटांबद्दल सांगतो. दुष्काळात तालुक्याहून एक साहेब वखार बघायला आले. त्यांनी विचारलं, अध्यक्ष कोण? कोणी नाही, असं उत्तर मिळालं. मग जबाबदार कोण? छगन म्हणाला, "आमी समदेच." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. पुढे तपकिरी पाकिटं येऊ लागली. सगळ्यांवर एकच नाव असायचं, मा. अध्यक्ष, मोकळी वखार. सभासदांची यादी पाठवा. संस्थेची घटना पाठवा. पहिली दोन उघडली. तिसरं आलं तेव्हा मास्तर ते हातात धरून अवघडून उभे राहिले, आणि छगनने सहज म्हटलं, "जो फोडील त्यो अध्यक्ष."

सगळे खूप हसले. मास्तरसुद्धा हसले, आणि ते क्वचितच हसत. त्यांनी पाकीट न फोडता माझ्यामागे सरकवलं. मग ती रीतच झाली. अध्यक्षाच्या नावाचं जे येईल ते फळ्यामागे. नव्या माणसाला ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जायची. मलाही अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. आपल्या पाठीमागे सरकारची पाकिटं पडून आहेत, आणि कुणी त्यांना भीत नाही!

त्र्याहत्तरच्या फाल्गुनात पोस्टमनने एक निळं आंतरदेशीय पत्र आणून दिलं. वर तेच नाव, मा. अध्यक्ष. पाठवणाऱ्याच्या जागी कोणा माणसाचं नाव नव्हतं, पाझर तलाव काम, गट क्रमांक चार, एवढंच होतं. त्या वेळी मास्तर पुस्तकं झटकत होते. त्यांनी पत्र उलटंपालटं करून बघितलं, क्षणभर थांबले, आणि माझ्यामागे सरकवलं. ते थांबले होते, हे मी पाहिलं. त्यांना काही वाटलं असावं. पण पत्र फोडलं असतं तर रीत मोडली असती, आणि मास्तर स्वतःच्या मनात आलेल्या शंकेपेक्षा दहा जणांच्या हसण्याला जास्त मानत. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. मीही तसाच आहे.

त्या वर्षी पाऊस झाला. माणसं गावी परतली. वखारीत पुन्हा दहा-पंधरा जण उरले. चौऱ्याहत्तरच्या वैशाखात, एका गुरुवारी, सगळे गोल बसलेले असताना माझा वरचा खिळा निसटला आणि मी खाली आलो. मी मुद्दाम पडलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खिळा गंजला होता, हेच खरं.

माझ्यामागून अकरा तपकिरी पाकिटं पडली आणि एक निळं पत्र. सगळे पाकिटांना हसू लागले. राहीबाई त्या दिवशी पारव्यांसाठी दाणे घेऊन आल्या होत्या. त्या कधी गुरुवारी बसत नसत आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी वाकून नेमकं ते निळं पत्र उचललं.

"ह्यो निळा कुनाचा? सरकार काय निळ्यात लिवीत न्हाई."

अध्यक्षांच्या नावाचं आहे, असं कोणीतरी सांगितलं. जो फोडील तो अध्यक्ष, हेही सांगितलं.

"मग मी झाले अध्यक्ष," राहीबाई म्हणाल्या. "मास्तर, फोडा ते."

मास्तरांनी पत्र फोडलं आणि वाचलं. मी जमिनीवर पडून ऐकलं. कामावरच्या कारकुनाच्या हातचं अक्षर होतं, शब्द बनाबाईचे होते.

"मा. अध्यक्ष साहेब यांस बनाबाई हिचा नमस्कार. मी मार्गशीर्षात तीन दिवस तुमच्या वखारीत होते. पाण्याच्या ओळीत माझं नाव आहे. माझी सासू गोजरबाई हिला दिसत नाही. इथे कामावर सावली नाही. गावात पाणी नाही, माणूस नाही. पाऊस पडेपर्यंत तिला वखारीत ठेवून घ्याल का? ती गोधड्या शिवते, कुणाला जड होणार नाही. हो म्हणाल तर आणून सोडते. नाही म्हणाल तरी दोन ओळी लिहा, म्हणजे मी वाट बघणार नाही."

मग मास्तर म्हणाले, की हे पत्र मीच मागे टाकलं. त्यावर छगन म्हणाला, की जाळं काढताना मला ते दिसलं होतं, मी पुन्हा आत ढकललं. छबूबाई म्हणाली, की मी दोनदा पाहिलं, निळं आहे हे मला दिसलं होतं. एकेकाने सांगितलं. गोल बसलेल्यांपैकी सात जणांनी ते पत्र पाहिलेलं होतं. ज्याला कचरा दिसला त्याने झाडू मारायचा, असं म्हणणाऱ्या घरात एक पत्र सात जणांना दिसलं आणि कोणीच उचललं नाही. आठवा मी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने छबूबाई बनाबाईच्या गावाला गेली. तिसऱ्या दिवशी परत आली. चपला न काढता दाराशीच बसली. मास्तरांनी तिला पाणी दिलं.

गोजरबाई गेली होती. त्र्याहत्तरच्याच वैशाखात, कामावर, दोन पहारींना बांधलेल्या लुगड्याच्या सावलीत. उन्हाने गेली, असं बनाबाई म्हणाली. बनाबाई रागावली नव्हती. तिने छबूबाईला भाकरी खाऊ घातली. मग तिने एकच गोष्ट सांगितली, आणि छबूबाईने ती तिच्याच शब्दांत आम्हाला सांगितली.

"ती म्हनली, राहुरीकडं कालव्याला म्हातारीचा भाऊ हुता. तितं पानी हुतं. तुमचं 'न्हाई' आलं असतं, तर म्या तिला तिकडं धाडली असती. पर मला वाटलं, तितं कुनाला हाकलत न्हाईत. म्हनून वाट बगितली."

मास्तर भिंतीला टेकले. नाही म्हटलं असतं तरी ती म्हातारी वाचली असती, हे ते स्वतःशीच दोनदा बोलले. मला त्या वेळी वाटलं, मी कोंबड्यांच्याच उपयोगाचा होतो.

छबूबाईने आणखी एक निरोप आणला होता. बनाबाई आता अडखळत वाचते. तिने सांगितलं होतं, "त्या कागुदाचं उत्तर कागुदावर धाडा. म्या वाचीन."

त्या संध्याकाळी मला पुन्हा खिळे ठोकून उभं केलं. सात वार आणि कामांच्या रांगा पुसून उत्तर आधी माझ्यावर लिहायचं ठरलं, म्हणजे ते सगळ्यांना दिसेल. मास्तरांनी खडू घेतला. त्यांनी पुष्कळ लिहिलं. साहेब आले होते, पाकिटं येत होती, एक विनोद झाला होता, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, असं सगळं. माझं अंग भरून गेलं. छबूबाई हळूहळू वाचत होती. शेवटी ती उठली.

"कारनं पुसा, मास्तर. तिला वाचायला जड जातील."

मास्तरांनी पुसलं. खरं सांगायचं तर ती कारणं खोटी नव्हती. पण ती आमच्या सोयीची होती. उरलं ते एवढंच:

"बनाबाई, तुमचं पत्र आलं होतं. आम्ही सात जणांनी ते पाहिलं आणि फोडलं नाही. वखारीत जागा होती. चूक आमची आहे."

छगन त्या तिसऱ्या वाक्याकडे बघत राहिला. ते काढूया का, असं कोणीतरी विचारलं. त्याने मान हलवली. वखारीची रीत होती, की एकाने मान हलवली तर गोष्ट थांबते. ते वाक्य तसंच राहिलं.

मग ते कोऱ्या आंतरदेशीय पत्रावर मोठ्या अक्षरांत उतरवलं, शाळेत पहिलीच्या मुलांसाठी काढतात तशा. खाली सही कुणाची, हा प्रश्न आला. पूर्वी यावर दोन गुरुवार गेले असते. या वेळी एकेकाने कागद पुढे ओढला. रंगनाथ. छबूबाई, पूर्ण नाव. छगनने चाक काढलं नाही, नाव लिहिलं. राहीबाईंनी अंगठा दिला. त्या म्हणाल्या, की मी पाहिलं नव्हतं, पर जागा माझी हाय. कागदाच्या कोपऱ्याला खडूची भुकटी लागली होती. ती माझी सही, असं म्हणायचं धाडस मला होत नाही. पण कोणी ती झटकली नाही, एवढं खरं.

त्यानंतर माझ्यावर पुन्हा वार आणि कामं लिहिली गेली. पाणी, झाडू, दिवाबत्ती, पुस्तकं, आणि पाचवी रांग, पत्रं. ज्याचं नाव त्या चौकटीत असेल त्याने आलेलं प्रत्येक पत्र फोडायचं, मग वर कुणाचंही नाव असो. त्या पहिल्या चौकटीत मास्तरांनी आपलं नाव घातलं. मला पुन्हा काळा करायचा विषय निघाला तेव्हा छबूबाईने सांगितलं की पाण्याच्या चौकटीतल्या ओरखड्यात कोळसा भरू नका.

मित्रांनो, मी तुम्हाला शहाणपण शिकवायला लायक नाही. वीस वर्षं शाळेत राहूनही मला ते आलं नाही. तरी एक सांगतो. ज्या घराला धनी नसतो ते घर वाईट नसतं, मी अशा घरात राहिलो आहे आणि पुन्हा तिथेच राहीन. पण तिथे एखादी गोष्ट कुणाचीच नाही असं दिसलं, तर ती तुमची आहे असं समजा. वर्गात खाली पडलेला खडू असो, दाराशी आलेलं माणूस असो, किंवा दुसऱ्याच्या नावाचं निळं पत्र असो. आणि हो म्हणता येत नसेल तर नाही म्हणा, पण वाट बघायला लावू नका.

पोस्टाची लाल पेटी वखारीच्या समोरच्या कोपऱ्यावर आहे. दार उघडं असलं की मला इथून दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पत्र घेऊन निघाले. पेटीपाशी ते बराच वेळ उभे होते. मला वाटलं, आता परत येतील, पुन्हा एकदा वाचून बघतील, एखादा शब्द त्यांना खटकेल. तसा त्यांचा स्वभाव आहे. छबूबाई हातोडा खांद्यावर टाकून कामावर निघाली होती. ती त्यांच्याजवळ जाऊन थांबली. मास्तरांनी हात पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत घातला. बाहेर आला तेव्हा तो रिकामा होता.